देवनहळ्ळी : किल्ला, तळी आणि महानगराच्या सीमेवरील एक लहान नगर

१५ जुलै २०२५ रोजी कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी भूसंपादनाचा एक मोठा प्रस्ताव मागे घेत असल्याचे जाहीर केले. बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्याच्या देवनहळ्ळी तालुक्यात, चन्नरायपट्टण होबळीतील १३ गावांमधील १७७७ एकर जमीन विमान व अंतराळ उद्योगांच्या वसाहतीसाठी घेतली जाणार होती. (होबळी हा तालुक्याखालील महसुली घटक असून त्याची तुलना महाराष्ट्रातील महसूल मंडळाशी करता येईल.) या संपादनाविरुद्ध तेथील शेतकरी एप्रिल २०२२ पासून, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, आंदोलन करीत होते.

वरवर पाहता ही घटना कोड्यात टाकणारी आहे. ही गावे देशातील तिसऱ्या क्रमांकाच्या वर्दळीच्या विमानतळापासून फार दूर नाहीत. जमिनीचे भाव गेल्या दोन दशकांत अनेक पटींनी वाढलेले आहेत. अशा ठिकाणी भरपाईची मोठी रक्कम समोर असताना शेतकरी नकार का देतात? या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या दरपत्रकात सापडत नाही. त्यासाठी देवनहळ्ळी परिसराचा भूगोल, इतिहास आणि समाजजीवन यांचा एकत्रित विचार करावा लागतो. महानगराच्या सीमेवर असलेल्या कोणत्याही लहान नगराचा अभ्यास करताना ही पद्धत उपयोगी पडते. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी देवनहळ्ळी हे म्हणूनच एक चांगले उदाहरण आहे.

स्थान आणि भूरचना

देवनहळ्ळी हे नगर बेंगळुरूच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, बेंगळुरू-हैदराबाद महामार्गावर वसले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता क्रमांक ४४ चा भाग आहे. समुद्रसपाटीपासून नगराची उंची सुमारे ८८० मीटर आहे. जवळच १४७८ मीटर उंचीचा नंदी डोंगर आहे. दक्षिण दख्खनच्या या पठारावर नीस व ग्रॅनाइट हे प्राचीन खडक असून त्यांवर तांबड्या मातीचा थर आहे. कर्नाटकाच्या कृषी-हवामान विभागणीत हा प्रदेश ‘पूर्व कोरड्या विभागा’त मोडतो. पाऊस मध्यम असून त्यातील मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. मे महिन्यातील वळवाच्या सरींनाही येथील शेतीत महत्त्व आहे.

या प्रदेशाचे एक भौगोलिक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी नकाशा समोर ठेवून समजून घ्यावे. नंदी डोंगरांचा परिसर हा जलविभाजक आहे. येथून अर्कावती नदी दक्षिणेकडे वाहत जाऊन कावेरीस मिळते. दक्षिण पिनाकिनी देवनहळ्ळी व होसकोटे तालुक्यांतून तामिळनाडूत जाते आणि तेथे पोन्नैयार या नावाने ओळखली जाते. उत्तर पिनाकिनी, म्हणजेच पेन्नार, आंध्र प्रदेशाकडे वाहते. तीन नद्यांच्या उगमाजवळ असूनही देवनहळ्ळीला एकही बारमाही नदी नाही. जलविभाजकावरील प्रदेशाला पाणी वाहून नेणारे प्रवाह लाभतात, साठवून ठेवणारे नव्हे. त्यामुळे पडलेला पाऊस अडवणे ही येथील मानवी वस्तीची पहिली अट ठरली.

तळ्यांची साखळी

ही अट तळ्यांनी पूर्ण केली. कर्नाटकात लहानमोठी ३५ हजारांहून अधिक तळी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडील अशाच नदीविहीन पठारावर आहेत. कन्नडमध्ये मोठ्या तळ्यास ‘केरे’, तर लहान साठ्यास ‘कट्टे’ किंवा ‘कुंटे’ म्हणतात. या तळ्यांचे महत्त्व त्यांच्या परस्परसंबंधात आहे. वरच्या तळ्याच्या सांडव्यावरून (‘कोडी’) वाहणारे पाणी नाल्यावाटे खालच्या तळ्यात आणि तेथून त्याखालच्या तळ्यात जाते. शेताला पाणी सोडण्यासाठी बांधात ‘तूबू’ नावाचे दार असते. पाणीवाटपाचे काम ‘नीरगंटी’ या ग्रामसेवकाकडे असे. त्याला मोबदला म्हणून धान्य किंवा इनाम जमीन मिळत असे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही व्यवस्था अपरिचित वाटणार नाही. भंडारा-गोंदिया भागातील मालगुजारी तलाव आणि धुळे-नाशिक भागातील फड पद्धती ही याच विचाराची रूपे आहेत. फड पद्धतीतील पाटकरी आणि म्हैसूर पठारावरील नीरगंटी यांचे काम सारखेच होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत तळ्यांची साखळी ही सामाईक मालमत्ता आहे. तिचे दोन गुणधर्म आहेत. एकाने उपसलेले पाणी दुसऱ्यास मिळत नाही, पण कोणालाही वापरापासून पूर्णपणे दूर ठेवणेही कठीण असते. अशा साधनांचा विनाश अटळ आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र निरनिराळ्या देशांतील अनुभवांच्या आधारे दाखवून दिले की, वापरकर्त्यांनी स्वतः ठरवलेले नियम, देखरेख आणि पायरीपायरीने वाढणारा दंड असेल तर सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नीरगंटीची व्यवस्था हे त्याच तत्त्वाचे देशी उदाहरण होय.

विंधन विहिरींनी ही व्यवस्था मोडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीतून स्वतंत्रपणे पाणी उपसता येऊ लागले. तळ्याची देखभाल करण्यात कोणाचे हित उरले नाही. गाळ साचला, नाले बुजले आणि सांडव्यांखाली घरे उभी राहिली. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी फक्त भेगांमध्ये साठत असल्याने उपसा वाढताच विहिरी खोल जाऊ लागल्या. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनात देवनहळ्ळी तालुका ‘अतिशोषित’ गटात मोडतो. म्हणजे दरवर्षी जमिनीत जेवढे पाणी मुरते त्याहून अधिक बाहेर काढले जाते.

या परिस्थितीत एक नवा प्रयोग पुढे आला. बेंगळुरू शहरातील सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते उत्तर व पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांतील तळ्यांत सोडण्याची योजना राज्य शासनाने हाती घेतली. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील पाणी २०१८ पासून कोलारच्या तळ्यांत पोहोचू लागले. हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील पाणी बेंगळुरू ग्रामीण व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांकडे नेले जाते. या योजनांमुळे तळी भरली आणि भूजलाची पातळी सावरण्यास मदत झाली. परंतु प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यापर्यंतच होत असल्याने तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया अनिवार्य करावी, ही मागणी शेतकरी संघटना सातत्याने करीत आल्या आहेत. कावेरीचे स्वच्छ पाणी शहराला आणि शहराने वापरलेले पाणी गावाला, अशी ही विभागणी आहे. महानगर व परिसर यांच्यातील असमान देवघेवीचे हे ठळक उदाहरण आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

देवनहळ्ळीच्या उत्तरेस असलेल्या आवती या गावी विजयनगर काळात मोरसू वक्कलिग समाजातील नाडप्रभूंचे एक घराणे स्थिरावले. या घराण्यातील मल्लभैरेगौडा याने १५०१ मध्ये देवनहळ्ळी येथे मातीचा किल्ला बांधला. जंगल तोडणे, तळे बांधणे, पेठ वसवणे व किल्ला उभारणे हा या नाडप्रभूंचा क्रम होता. येलहंकाच्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बेंगळुरूची स्थापना केली तीही याच पद्धतीने. म्हणजे उगमाच्या दृष्टीने देवनहळ्ळी व बेंगळुरू ही एकाच प्रकारची, एकाच शतकातील नगरे आहेत. एक महानगर झाले आणि दुसरे लहान राहिले, याचे कारण पुढील काळातील राजकीय व लष्करी निर्णयांत आहे.

१६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान व शहाजीराजे भोसले यांनी बेंगळुरू घेतले. पुढे बेंगळुरू हे शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरा ही देवनहळ्ळीच्या चहूबाजूंची ठाणी या जहागिरीत होती. शहाजीराजांचा मृत्यू १६६४ मध्ये कर्नाटकातच, होदिगेरे येथे झाला. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी पुढे तंजावर येथे राज्य स्थापन केले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखान याने बेंगळुरू घेतले आणि म्हैसूरचे चिक्कदेवराज वडेयार यांनी ते ३ लाख रुपयांना मिळवले. बेंगळुरू म्हैसूरच्या हाती गेल्यानंतरही देवनहळ्ळी काही काळ स्वतंत्र पाळेगारांकडे राहिली. दोन सत्तांच्या सीमेवरील ठाणे हेच तिचे स्थान होते.

१७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेने देवनहळ्ळीस वेढा घातला. याच वेढ्यात हैदर अली हा तरुण शिलेदार पहिल्यांदा दरबाराच्या नजरेत भरला. १७५० मध्ये त्याचा पुत्र टिपू याचा जन्म देवनहळ्ळी येथे झाला. मातीच्या किल्ल्याच्या जागी आज दिसणारा दगडी, लंबवर्तुळाकार किल्ला हैदर व टिपू यांच्या काळातील आहे. अर्धवर्तुळाकार बुरूज हे त्याचे वैशिष्ट्य होय. तिसऱ्या म्हैसूर युद्धात, १७९१ मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो जिंकला. सध्या किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

१७९९ नंतर सीमा उरली नाही आणि किल्ल्याचे महत्त्व संपले. इंग्रजांनी १८०९ मध्ये आपली छावणी बेंगळुरू येथे हलवली. तेथे फौज, बाजार, रेल्वे आणि पुढे उद्योग आले. देवनहळ्ळी तालुक्याचे ठिकाण व आठवडे बाजाराचे गाव म्हणून उरली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बेंगळुरू-चिक्कबळ्ळापूर हा अरुंदमापी रेल्वेमार्ग देवनहळ्ळीवरून गेला; पण त्याने शेतमाल शहराकडे नेला, शहर गावाकडे आणले नाही.

समाजजीवन आणि अर्थव्यवस्था

विजयनगरकाळापासून या भागात ‘आयगार’ व्यवस्था होती. गौडा, शानभोग, तळवार, नीरगंटी, लोहार, सुतार, कुंभार इत्यादी बारा ग्रामसेवक गावाच्या उत्पन्नातून वाटा घेत. महाराष्ट्रातील बारा बलुतेदारांशी तिचे साम्य उघड आहे. व्यवस्था गेली, व्यवसायांवर आधारित वस्त्यांची रचना मात्र जुन्या नगरात अजूनही ओळखता येते. किल्ल्याच्या आत वेणुगोपालस्वामींचे मंदिर आहे, तसेच राहती घरेही आहेत. संरक्षित स्मारकाच्या आत नांदती वस्ती असणे हे प्रशासनापुढील वेगळे आव्हान आहे.

भाषेच्या दृष्टीने हा प्रदेश संमिश्र आहे. कन्नड ही मुख्य भाषा. तथापि तेलुगू, उर्दू व तामिळ भाषाही घरोघरी बोलल्या जातात. बेंगळुरू व परिसरातील अनेक गावांप्रमाणे येथेही करग उत्सवाची परंपरा आहे. हा उत्सव प्रामुख्याने तिगळ या बागायतदार समाजाशी निगडित असून त्याचे विधी तळ्याशी जोडलेले असतात. बेंगळुरू शहरातील करग ज्या संपंगी तळ्याशी निगडित होता, त्या तळ्याचा बहुतांश भाग बुजवून तेथे क्रीडांगण उभारण्यात आले. विधी टिकला, पाणी गेले. देवनहळ्ळीसारख्या नगरांनी ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

शेतीत नाचणी (रागी) हे मुख्य कोरडवाहू पीक आहे. त्याच्या जोडीला तुती व रेशीम, द्राक्षे, भाजीपाला, फुले आणि दूध आहे. तालुक्यातील विजयपूर हे गाव रेशीमकोषांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ‘देवनहळ्ळी पपनस’ (कन्नडमध्ये चकोता) आणि ‘बेंगळुरू निळी द्राक्षे’ या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण १९९९ च्या कायद्यान्वये मिळते. परंतु निर्देशांक नावाचे रक्षण करतो, बागेचे नाही. पपनसाच्या बागांची जागा भूखंडांनी घेतली, तर नोंदणी प्रमाणपत्र कागदावरच राहील.

याच तालुक्यातील नल्लूर येथील चिंचेची राई हा आणखी एक अनमोल ठेवा आहे. सुमारे ५४ एकर क्षेत्रावरील ही राई २००७ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. २००२ च्या जैवविविधता कायद्यातील कलम ३७ अन्वये असा दर्जा मिळालेले ते देशातील पहिले स्थळ आहे. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या वनक्षेत्राला हा दर्जा २०१४ मध्ये मिळाला.

विमानतळ आणि जमिनीचा बाजार

२४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीजवळ बेंगळुरूचे नवे आंतरराष्ट्रीय विमानतळ कार्यान्वित झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये हैदराबादजवळ शमशाबादचे विमानतळ सुरू झाले होते. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून नव्या जागेवर उभारलेल्या मोठ्या विमानतळांची ही सुरुवातीची उदाहरणे आहेत. सुमारे ४ हजार एकरांवरील या विमानतळास २०१३ मध्ये केंपेगौडाचे नाव देण्यात आले. दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले. २०२४-२५ या वर्षात येथून ४ कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. विमानतळामागोमाग विमान व अंतराळ उद्योगांची वसाहत आली. बोइंग कंपनीचे ४३ एकरांवरील अभियांत्रिकी व तंत्रज्ञान केंद्र जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले.

येथे जनगणनेचे आकडे लक्षपूर्वक पाहावेत. देवनहळ्ळी नगराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २३ हजार व २०११ मध्ये सुमारे २८ हजार होती; म्हणजे वाढ सुमारे एक पंचमांश. त्याच दशकात बेंगळुरू नागरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७ टक्क्यांनी वाढून ९६ लाखांवर गेली. विमानतळ ज्या दशकात आले त्या दशकात देवनहळ्ळीची लोकसंख्या मंद गतीने वाढली, पण जमिनीच्या किमती मात्र वेगाने चढल्या. यावरून एक नियम काढता येतो : महानगर प्रथम जमिनीच्या बाजाराच्या रूपाने येते, माणसांच्या रूपाने नंतर. किमती आजच्या उपयोगावर न ठरता भविष्याच्या अपेक्षेवर ठरू लागतात.

या अपेक्षेचे परिणाम शेतीवर होतात. गुंतवणुकीसाठी जमीन घेणारा मालक ती पडीक ठेवतो किंवा निलगिरीसारखे मजुरी न लागणारे पीक घेतो. भूजलावरील ताण लक्षात घेऊन राज्य शासनाने निलगिरीच्या नव्या लागवडीवर २०१७ मध्ये बंदी घातली. शेतकरी नसलेल्या व्यक्तींच्या शेतजमीन खरेदीवरील निर्बंध २०२० मधील जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्तीने उठवले गेले. मागणी वाढली, तसा शेती करणाऱ्याला खंडाने जमीन मिळणे दुरापास्त झाले.

नकाराचा अर्थ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. १७७७ एकरांचा प्रस्ताव राज्याच्या १९६६ च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखालील होता. केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि त्याने १८९४ चा कायदा रद्द केला. त्यात सामाजिक परिणाम मूल्यमापन, खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के व सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती, तसेच नागरी भागात बाजारमूल्याच्या दुप्पट व ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला अशा तरतुदी आहेत. राज्याच्या १९६६ च्या कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यमापनाची तरतूद नाही. एकाच देशात संपादनाच्या दोन वाटा असल्या की ज्या वाटेवर प्रश्न कमी विचारले जातात तीच वापरली जाते, हा अनुभव आहे.

भरपाई कितीही असली तरी तिचे स्वरूप एकरकमी असते. शेतीचे उत्पन्न मात्र प्रवाहासारखे असते. दूध रोज, भाजी दर आठवड्याला, द्राक्षे हंगामात आणि नाचणी वर्षाच्या पोटापाण्यासाठी, असे त्याचे वेळापत्रक आहे. एकरकमी पैशाचे रूपांतर तेवढ्याच खात्रीच्या प्रवाहात करण्यासाठी लागणारी वित्तीय माहिती व संधी अल्पभूधारक कुटुंबाजवळ नसते. शिवाय आसपासच्या जमिनीचे भावही चढलेले असल्याने मिळालेल्या रकमेत तेवढीच जमीन जवळपास विकत घेता येत नाही.

दुसरा मुद्दा हक्काचा आहे. मोबदला सातबाऱ्यावर (कर्नाटकात ‘पहाणी’ पत्रकावर) नाव असणाऱ्याला प्रथम मिळतो. वाट्याने शेती करणारे, शेतमजूर, गायरानावर जनावरे चारणारे आणि ज्यांचे नाव कागदावर नाही अशा स्त्रिया यांचेही जीवन त्याच जमिनीवर उभे असते. २०१३ च्या कायद्याने उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीनांनाही बाधित कुटुंबाच्या व्याख्येत घेतले, ही त्याची मोठी देणगी आहे. व्यवहारात मात्र त्यांची नोंद करणे हेच सर्वांत कठीण काम ठरते.

प्रस्ताव मागे घेताना शासनाने एक मार्ग खुला ठेवला : स्वेच्छेने जमीन देऊ इच्छिणाऱ्यांना अधिक दर व विकसित जमिनीत वाटा मिळेल. त्यामुळे प्रश्न मिटला, असे म्हणता येणार नाही. सक्तीच्या जागी आता बाजाराचा दबाव काम करील. एका शेतकऱ्याने जमीन विकली की शेजाऱ्याचा पाट, वाट व मजूर यांवर परिणाम होतो. म्हणून वैयक्तिक संमतीबरोबरच सामूहिक नियोजन आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे शोधली गेली. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. १९८४ मध्ये जासई येथील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आकारास आली. पुढे नवी मुंबई विमानतळाच्या बाधितांसाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के करण्यात आले. त्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले.

दुसरे उदाहरण पुण्याजवळील मगरपट्ट्याचे. तेथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, कंपनी स्थापन केली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक होऊन स्वतःच नगर उभारले. दोन्ही उदाहरणांतील समान सूत्र असे की, जमिनीच्या वाढलेल्या मूल्यात मूळ मालकाचा वाटा कायम राहिला. तथापि मगरपट्ट्यात बहुसंख्य कुटुंबे एकाच नात्यागोत्यातील होती. अनेक जाती, भाषा व लहान तुकडे असलेल्या देवनहळ्ळीत ते प्रारूप जसेच्या तसे लागू होईल, असे मानता येत नाही. भूमिहीनांचा प्रश्न तर दोन्हीकडे अपुराच सुटला.

स्थानिक संस्थांची भूमिका

१९८६ मध्ये बेंगळुरू जिल्ह्याचे विभाजन होऊन ग्रामीण जिल्हा निर्माण झाला. २००७ मध्ये रामनगर वेगळा झाल्यावर देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, होसकोटे व नेलमंगल हे चार तालुके त्यात उरले. जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या जिल्ह्यास ‘बेंगळुरू उत्तर’ असे नाव देण्याचा निर्णय घेतला. नावातून ‘ग्रामीण’ शब्द जाणे ही बदलत्या धोरणाची खूण आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी देवनहळ्ळी ही पुरसभा होती. कर्नाटकात २० ते ५० हजार लोकसंख्येच्या नगरास हा दर्जा मिळतो.

७४ व्या घटनादुरुस्तीनुसार अनुच्छेद २४३ थ मध्ये ग्रामीणकडून नागरी होत असलेल्या संक्रमणशील क्षेत्रासाठी नगर पंचायतीची तरतूद आहे. बाराव्या अनुसूचीत नागरी नियोजनासह १८ विषय आहेत. अनुच्छेद २४३ यघ अन्वये जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिका यांच्या योजनांची सांगड घालावयाची असते. प्रत्यक्षात महानगराच्या सीमेवर जमिनीचे महत्त्वाचे निर्णय औद्योगिक विकास मंडळ व विमानतळ परिसर नियोजन प्राधिकरण यांसारख्या नियुक्त संस्था घेतात. कचरा, पाणी, रस्ते आणि तळी मात्र निवडून आलेल्या पुरसभा व ग्रामपंचायतींकडे राहतात. निर्णयाचा लाभ एकीकडे आणि त्याचा भार दुसरीकडे, ही या व्यवस्थेतील मूलभूत उणीव आहे.

तिच्यावरील उपाय नवे नाहीत. सार्वजनिक गुंतवणुकीमुळे जमिनीच्या मूल्यात जी वाढ होते तिचा काही भाग सुधार आकार, विकास शुल्क किंवा मालमत्ता करातून वसूल करता येतो. अट एवढीच की ही रक्कम त्याच परिसरातील तळी, नाले व नगराच्या सोयींवर खर्च व्हावी. तळ्यांची संपूर्ण साखळी हे नियोजनाचे एकक मानले, तर कोणत्या जमिनीवर बांधकाम करावे आणि कोणत्या जमिनीवर करू नये, हे पाण्याच्या वाटेवरूनच ठरेल. पुढील जनगणना २०२७ मध्ये होत आहे. तिच्या आकड्यांतून देवनहळ्ळीचे खरे रूप समोर येईल. पण तोपर्यंत अनेक सर्व्हे क्रमांकांचा वापर कायमचा बदललेला असेल.

समारोप

देवनहळ्ळीच्या उदाहरणातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, लहान नगराचे अस्तित्व त्याच्या भोवतालच्या पाण्यावर व शेतीवर उभे असते. ती मोडली तर नगर उरते, पण ते महानगराचे उपनगर म्हणून. दुसरा, जमिनीची किंमत वाढणे आणि जमिनीवर जगणाऱ्यांचे उत्पन्न वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विकासाचे मूल्यमापन दुसऱ्या गोष्टीने व्हावे. तिसरा, चन्नरायपट्टण होबळीतील शेतकऱ्यांचा नकार हा उद्योगाला असलेला विरोध म्हणून वाचणे अपुरे ठरेल. आपल्या गावाच्या भवितव्याचा निर्णय होताना आपणास विचारले जावे, ही मागणी त्यात आहे. ग्रामसभा व नगरपालिका यांना राज्यघटनेने दिलेले स्थान याच मागणीसाठी आहे.

सरावासाठी प्रश्न

१. जलविभाजकावरील प्रदेशात तळ्यांच्या साखळीचे महत्त्व स्पष्ट करा. मालगुजारी तलाव व फड पद्धती यांच्याशी तिची तुलना करा.

२. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील प्रमुख तरतुदी सांगून भूमिहीन कुटुंबांच्या संदर्भात त्यांचे मूल्यमापन करा.

३. महानगराच्या सीमेवरील नगरांत निवडून आलेल्या व नियुक्त संस्था यांच्या अधिकारांत कोणता विसंवाद आढळतो? ७४ व्या घटनादुरुस्तीच्या आधारे चर्चा करा.

४. भौगोलिक निर्देशांक व जैवविविधता वारसा स्थळ या दोन्हींचे कायदेशीर आधार सांगा. जमिनीचा वापर बदलत असताना या संरक्षणाच्या मर्यादा कोणत्या?